आमच्या गल्लीची किंमत तुम्हाला कशी कळली?

प्रति,
घरांच्या किमतींचे ऑनलाइन अंदाज देणाऱ्या कंपन्यांचे संचालक;
महानिरीक्षक, पंजीयन व मुद्रांक विभाग, मध्यप्रदेश शासन;
आणि जिल्हा मूल्यांकन समितीचे अध्यक्ष या नात्याने जिल्हाधिकारी, बऱ्हाणपूर.

महोदय,

बऱ्हाणपुरातलं जुनं घर विकायचं किंवा वाटून घ्यायचं ठरलं की हल्ली पहिला आकडा फोनवरून येतो. घरात राहणारा माणूस तो काढत नाही. पुण्याला, सुरतेला नाहीतर इंदूरला नोकरीसाठी गेलेला भाऊ काढतो. पिन कोड ४५०३३१, बांधकामाचे चौरस फूट, मजले, घराचं वय, एवढं भरलं की पडद्यावर किंमत उमटते, तीही शेवटच्या हजारापर्यंत. दिवाळीला सगळे जमतात तेव्हा घराबद्दल कुणी बोलत नाही, त्या आकड्याबद्दल बोलतात.

या गावात खरेदीखतं, वाटणीपत्रं आणि हक्कत्यागाचे दस्त लिहिण्यात माझं आयुष्य गेलं. आधी स्टॅम्पपेपरवर लिहिले, २०१५ मध्ये ई-पंजीयन आल्यावर संपदा प्रणालीवर. दस्त हिंदीत आणि समोर बसलेल्या घरच्यांची वादावादी मराठीत, असंच आमच्याकडे चालतं. त्या अनुभवाच्या बळावर सांगतो, हा आकडा आमच्या घरांकडे पाहून काढलेला नसतो. तो आमच्या घरांची किंमत म्हणून दाखवला जाऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

कंपन्यांच्या संचालकांशी आधी बोलतो. तुमचं गणित कसं चालतं ते मी समजून घेतलं आहे. इंदूरच्या विजयनगरात किंवा पुण्याच्या हिंजवडीत एका संकुलात शेकडो सदनिका असतात. तिसऱ्या मजल्यावरची गेल्या महिन्यात अमुक रकमेला गेली, तर पाचव्या मजल्यावरची तेवढ्याच क्षेत्रफळाची सदनिका थोड्या फरकाने कितीला जाईल, हे सांगता येतं. एकसारखी घरं आणि वरचेवर होणारे व्यवहार, या दोन पायांवर तो अंदाज उभा असतो. तिथे तो उपयोगी पडत असेल, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण एखाद्या गावात हे दोन्ही पाय नसतील तर पडद्यावर जे दिसतं ते कशावर उभं असतं? गावातून विक्रीसाठी टाकलेल्या थोड्याशा जाहिराती, त्यातही मालकाने मागितलेली किंमत, मिळालेली नव्हे. आणि जिथे जाहिरातीही नाहीत तिथे साऱ्या पिन कोडचा काढलेला सरासरी भाव.

आता शनवारा दरवाजातून आत या आणि इतवाऱ्याकडे चालत जा. नासिरखान फारुकीने १४००च्या सुमारास वसवलेलं, मुघलांच्या काळात सुभ्याचं ठाणं झालेलं हे गाव आहे. इथली शेजारशेजारची दोन घरंसुद्धा एकसारखी नाहीत. रुंदीला दहा-बारा फूट आणि आत साठ-सत्तर फूट खोल. पुढे ओटा, मध्ये उजेडापुरता चौक, सागवानी खांबांवर माडी. जुनी माणसं अजून घर खणांत सांगतात, चौरस फुटांत नाही. दोन घरांमधली भिंत एकच आणि दोन्हीकडची कडीपाटाची टोकं तिच्यातच बसवलेली. एकाने घर पाडायला घेतलं की दुसऱ्याचं छत धोक्यात येतं. म्हणून इथला गिऱ्हाईक घर पाहायला आला की आधी शेजारी कोण आणि त्यांचं आपसात पटतं का, हे विचारतो. त्या उत्तरावर किंमत कमी-जास्त होते.

खाली पॉवरलूम आणि वर संसार, अशी घरं आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. अशा घराला दोन किमती असतात आणि दोन्ही खऱ्या असतात. लूम चालवणारा गिऱ्हाईक मंजूर वीजभार बघतो, बीम घेऊन टेंपो दारापर्यंत येतो का ते बघतो आणि त्याचे पैसे वेगळे मोजतो. नोकरदार गिऱ्हाईक शेजारच्या लूमच्या धडधडीने भिंतीला गेलेले तडे बघतो आणि त्याचे पैसे कापतो. राजघाटाच्या, नागझिरी घाटाच्या बाजूला जोत्याची उंची बघतात. तापीचं पाणी कोणत्या पुरात कुठवर चढलं होतं ते तिथले म्हातारे भिंतीवर हात ठेवून दाखवतात आणि सौदा त्या हाताच्या उंचीवर ठरतो. मग कागद. जागा मालकीची की नजुलाची? पट्टा असेल तर नूतनीकरण झालंय का? आजोबांच्या नावावरून नामांतरण झालंय का, की अजून तिसऱ्या पिढीतही मृत माणसाच्याच नावावर आहे? वारस किती, सही द्यायला तयार किती?

स्मारकांचंही सांगतो, कारण या गावात ते विसरून चालत नाही. शाही किल्ला, बीबी की मशीद, शाहनवाज खानाची कबर अशी केंद्र सरकारने संरक्षित केलेली स्मारकं वस्तीत किंवा वस्तीला लागून आहेत. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय करता येत नाही. शंभर मीटरच्या रेषेच्या आतलं पडकं घर आणि रेषेबाहेरचं तसंच पडकं घर, गल्ली एक, क्षेत्रफळ एक, वय एक. बाहेरचं घर घेणारा माणूस जागेचे पैसे देतो, कारण त्याला पाडून नवं बांधायचं असतं. आतल्या घराला तसा गिऱ्हाईकच मिळत नाही. फोनवर मात्र दोघांचा आकडा सारखाच येतो.

हे सगळं तुम्हाला माहीत असावं अशी माझी अपेक्षा नाही. माहीत नसताना आकडा देऊ नये, एवढीच आहे. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने २००७ पासून घरांच्या किमतींचा निर्देशांक चालवला आहे, त्यासाठी बँकांनी कर्ज देताना केलेल्या मूल्यांकनांची माहिती तिला मिळते. तिचा निर्देशांक ५० शहरांपुरता आहे आणि त्यात मध्यप्रदेशातली शहरं दोनच, भोपाळ आणि इंदूर. ज्यांच्या हाती देशभरातल्या बँकांची माहिती आहे ते बऱ्हाणपूरबद्दल काही म्हणत नाहीत. तुम्ही मात्र आमच्या एकेका घराची किंमत सांगता.

यातून नुकसान कुणाचं होतं ते नीट ऐका. आमच्या गावात हा आकडा घर विकत घेताना फारसा वापरलाच जात नाही. गिऱ्हाईक गावातलाच असतो, त्याला भाव माहीत असतो. आकडा वापरला जातो वाटणीत. वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मजात हक्क मिळाला, आणि वडील दुरुस्तीच्या तारखेला हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही हे ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. त्यानंतर बहिणींच्या वाट्याची बोलणी घराघरात होऊ लागली, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण बोलणी कशावर होतात? आकडा फुगलेला असला तर आईवडिलांना सांभाळून घरात राहिलेल्या भावाला, बाकीच्यांचे हिस्से त्या दराने चुकवायला सांगितलं जातं. तेवढे पैसे त्याच्याकडे नसतात आणि तेवढ्याला घर कुणी घेतही नाही. आकडा कमी असला तर बहीण त्या दराने आपला हिस्सा सोडून सही करते. दस्त एकदा नोंदला गेला की तिला परत मागता येत नाही, कोर्टाची पायरी चढल्याशिवाय.

माझ्या ओळखीच्या एका घरात तीन भावंडांचं असं झालं. नावं सांगत नाही, संकेतस्थळाचंही सांगत नाही. फोनवरचा आकडा गावातल्या गिऱ्हाइकाने देऊ केलेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट होता. बाहेरगावच्या दोघांना वाटलं, गावातला भाऊ किंमत पाडून घर गिळू पाहतोय. गावातल्याला वाटलं, हे दोघं मला आईच्या घरातून काढायला निघालेत. तिघंही प्रामाणिक होते, मी तिघांना लहानपणापासून ओळखतो. इसार द्यायला आलेला माणूस थांबून थांबून निघून गेला. त्यानंतरच्या पावसाळ्यात मागची भिंत बसली. घर आजही तिघांच्या नावावर आहे आणि तिघं एकमेकांच्या घरच्या लग्नाला जात नाहीत.

संगणकाचा अंदाज चुकतो तेव्हा किती चुकू शकतो, हे अमेरिकेत दिसून गेलं आहे. झिलो या कंपनीने २००६ पासून तिथल्या कोट्यवधी घरांच्या किमती आपल्या गणिताने जाहीर करायला सुरुवात केली. २०१६ मध्ये कंपनीचे त्या वेळचे मुख्याधिकारी स्पेन्सर रॅस्कॉफ यांचं स्वतःचं सिअॅटलमधलं घर विकलं गेलं १०.५ लाख डॉलरला, आणि कंपनीचा अंदाज होता सुमारे १७.५ लाख डॉलरचा. पुढे कंपनी अशा अंदाजांच्या आधारावर स्वतःच घरं विकत घेऊ लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिला तो धंदा बंद करावा लागला, घरांच्या साठ्यावर एका तिमाहीत ३० कोटी डॉलरहून अधिक तोटा मांडावा लागला आणि सुमारे चतुर्थांश नोकरवर्ग कमी करावा लागला. हे अशा देशात घडलं जिथल्या बहुतेक राज्यांत विक्रीची खरी किंमत सरकारी दप्तरात उघड असते. तरीही एक गोष्ट त्या कंपनीच्या बाजूने सांगितली पाहिजे. आपला अंदाज साधारण किती टक्के चुकतो हे ती जाहीर करते. बऱ्हाणपुरासाठी तुमचा अंदाज किती चुकतो हे तुमच्यापैकी कुणी छापलेलं मी पाहिलेलं नाही. उलट, आकडा दाखवण्याआधी मोबाइल नंबर मागितला जातो आणि मग कर्जवाल्यांचे व दलालांचे फोन येत राहतात. घराची किंमत जाणून घेण्याची गरज मोठी असते, अडलेल्या वेळची असते. तिचा असा उपयोग करून घेणं मला फार खुपतं.

आता पंजीयन विभागाकडे वळतो, कारण मूळ अडचण तुमच्या दारात आहे.

आमच्याकडे दुसरा ऑनलाइन आकडा आहे तो तुमच्या गाइडलाइनचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये संपदा २.० आली आणि नकाशावरून जागा निवडून दर पाहणं सोपं झालं. काम चांगलं झालं आहे, दस्त लिहिणारा म्हणून मी ते मानतो. पण लोक त्या दरालाही बाजारभाव समजू लागले आहेत, कारण तो सरकारी आहे आणि पडद्यावर आहे. वस्तुतः तो मुद्रांक शुल्क वसुलीचा खालचा पाया आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये जवाजी नागनाथम प्रकरणात अशा मूल्यनोंदवहीवरून जमिनीचा बाजारभाव ठरवता येत नाही असं म्हटलं, आणि २००३ च्या आर. साई भारती प्रकरणात गाइडलाइन मूल्य हे अंतिम नसून केवळ प्रथमदर्शनी आधार आहे असं सांगितलं. २०१९ च्या मध्यात तर राज्य सरकारने गाइडलाइन एकदम २० टक्क्यांनी खाली आणली आणि त्याच वेळी शुल्काचा टक्का वाढवला. त्या महिन्यात बऱ्हाणपुरातलं एकही घर २० टक्क्यांनी स्वस्त झालं नव्हतं. गाइडलाइनचा आणि किमतीचा संबंध किती, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

गाइडलाइनच्या पुस्तकात आमच्या घरासाठी रकाने आहेत ते आरसीसी, आरबीसी, टिनशेड आणि कच्चा कवेलू. दीडशे वर्षं उभं असलेलं सागवानी खांबांचं घर यांतल्या कुठल्या रकान्यात बसवायचं, हा प्रश्न प्रत्येक दस्ताच्या वेळी पडतो. मोहल्ल्याला दर एक. मुख्य रस्त्यावरच्या दुकानामागच्या, स्कूटरसुद्धा वळत नाही अशा बोळातल्या घराचीही मोजणी त्याच भागाच्या नावाने होते. मग जिथे खरा भाव गाइडलाइनपेक्षा कमी आहे तिथे माणूस दोनदा भरडला जातो. शहरात मुद्रांक आणि नोंदणी मिळून साडेबारा टक्क्यांच्या आसपास खर्च येतो, तो जास्तीच्या आकड्यावर. शिवाय १९६१च्या आयकर कायद्यात २००३ मध्ये आलेल्या कलम ५० सी नुसार विकणाऱ्याचा नफाही मुद्रांकाच्या मूल्यावर धरला जाऊ लागला. २०२० पासून दहा टक्क्यांपर्यंतचा फरक सोडून दिला जातो, त्यापुढे नाही. समजा घर गेलं वीस लाखांना आणि गाइडलाइन निघाली सव्वीस लाख, तर न मिळालेल्या सहा लाखांवरही कराचा हिशेब. आयकर खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवा म्हणण्याचा हक्क कायद्याने दिला होता. पण विधवा बाई किंवा लूम विकून निघालेला विणकर तो हक्क वापरायला कुठून जाणार?

आणि जिथे खरा भाव गाइडलाइनपेक्षा जास्त आहे तिथे काय होतं, तेही सगळ्यांना माहीत आहे. खरेदीखतात गाइडलाइनएवढी रक्कम लिहिली जाते, उरलेली हातात दिली जाते. शुल्काचा टक्का इतका मोठा असेल तोवर हे चालणार. परिणाम असा, की रजिस्ट्रीच्या दप्तरातही त्या घराची खरी किंमत उरत नाही. उद्या एखाद्या कंपनीने मनापासून अचूक अंदाज करायचं ठरवलं तरी तिच्या हाती येणारी नोंद आधीच खोटी असते. म्हणून म्हणतो, मूळ अडचण इथे आहे.

आमच्यातल्या पुष्कळांचे नातेवाईक सरहद्दीपलीकडे रावेरला, मुक्ताईनगरला आहेत, आणि तुलना घरातच होते. महाराष्ट्रातही रेडी रेकनर आहेच, आणि तोही बाजारभाव नव्हे. पण तिथे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकून सूची क्रमांक दोन पाहता येते. तिच्यात मोबदला आणि सरकारी बाजारभाव हे दोन आकडे वेगवेगळे लिहिलेले असतात. शेजारचं घर काय रकमेला नोंदलं गेलं आणि सरकारने ते कितीचं धरलं, दोन्ही समोर. निवासी घरासाठी नोंदणी शुल्कालाही तिथे ३० हजारांची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे खरी रक्कम लिहिण्याची भीती थोडी कमी असते. इंग्लंड-वेल्समध्ये तर तिथल्या भूमी नोंदणी कार्यालयाने १९९५ पासूनच्या घरविक्रीच्या किमती पत्त्यासह कुणालाही फुकट पाहण्यासाठी खुल्या केल्या आहेत. तिथल्या माणसाला कुणा कंपनीचा अंदाज पटला नाही तर तो गल्लीतले मागचे दहा व्यवहार स्वतः वाचू शकतो.

कंपन्यांकडे माझं मागणं हे आहे. प्रत्येक अंदाजाशेजारी तो किती प्रत्यक्ष विक्रींवरून काढला, त्या विक्री किती अंतरावरच्या आणि कोणत्या वर्षाच्या, हे मराठीत आणि हिंदीत, आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा. जाहिरातीतली मागणी आणि नोंदलेली विक्री वेगळी दाखवा. आधार अपुरा असेल तर ‘या भागासाठी आमच्याकडे पुरेशी माहिती नाही’ असं लिहा आणि आकडा देऊ नका. बँकेचा मूल्यांकक कर्जासाठी येतो तेव्हा टेप लावतो, भिंतींवर टकटक करतो, कागद मागतो, शेजाऱ्याशी बोलतो आणि अहवालाखाली आपली सही करतो. तुमच्या आकड्याखाली कुणाचीच सही नसते. वाटणीच्या किंवा हक्कत्यागाच्या कामासाठी हा आकडा वापरू नये, नोंदणीकृत मूल्यांककाकडून घर तपासून घ्यावं, ही सूचना तरी आकड्याच्या वर द्या. तळाच्या बारीक अक्षरांत नको.

महानिरीक्षक साहेब, संपदाच्या नकाशावर गाइडलाइनचा दर येतो तिथेच तो शुल्क मोजण्यासाठी आहे, घराची किंमत नव्हे, असं एक वाक्य घाला. त्याच नकाशावर नोंदल्या गेलेल्या विक्रींचा महिना, क्षेत्रफळ आणि मोबदला, नावं झाकून, गल्लीनिहाय दाखवा. लोक खरी रक्कम लिहू लागावेत असं वाटत असेल तर शुल्काच्या टक्क्याचाही विचार शासनाकडे मांडा.

जिल्हाधिकारी साहेब, नवी गाइडलाइन १ एप्रिलला लागू होते आणि त्याआधी उपजिल्हा समितीकडून प्रस्ताव येतात, नागरिकांच्या सूचना मागवल्या जातात. या वेळी सूचना मागवताना जुन्या परकोटातल्या वस्तीसाठी वेगळी पाहणी ठेवा. बोळाची रुंदी, स्मारकापासूनचं अंतर, तापीची पूररेषा आणि सागवानी बांधकाम या चार गोष्टींचे वेगळे रकाने त्या पाहणीत असू द्या. शनवाऱ्यापासून राजघाटापर्यंतचा एकच पट्टा घेऊन गेल्या तीन वर्षांतले दस्त आणि प्रत्यक्ष घरं ताडून पाहिली तरी फरक किती आहे ते समितीला दिसेल. गावात जुने दस्तलेखक अजून आहेत आणि कोणतं घर कोणत्या खतात कसं लिहिलं गेलं ते आम्हाला ठाऊक आहे. पटवारी आणि उपयंत्री ज्या दिवशी पाहणीला निघतील त्या दिवशी आम्ही त्यांच्यासोबत गल्लीगल्लीत चालू. त्यासाठी मानधन नको, फक्त तारीख आठवडाभर आधी कळवा.

आपला,
बऱ्हाणपुरातला एक दस्तलेखक